हार कोणत्या इंजिनाला?

चाकणच्या एका कारखान्यात दोन गाड्या बनत: श्रीमंतांची ‘राजस’ आणि चारचौघांची ‘सोबत’. खंडेनवमीच्या पूजेला ‘राजस’चे प्रमुख रणदिवेसाहेब सर्वांदेखत म्हणाले, “हायब्रीड इंजिन ‘राजस’लाच शोभतं. ‘सोबत’चं उद्यापासून बंद. हारसुद्धा आमच्याच इंजिनाला घालणार.”

‘सोबत’चे दोनशे कामगार आपल्या नोकरीचं काय, म्हणून कुजबुजू लागले. इंजिन जुळणीच्या ढोबळेबाईंना मात्र रागच आला. दोन्ही गाड्यांची इंजिनं त्यांच्याच हातची होती. त्यांनी दोन्हींचं एकेक इंजिन शेजारी शेजारी मांडलं आणि झेंडूचा हार साहेबांच्या हाती दिला.

“घाला, साहेब.”

साहेब या इंजिनाकडून त्या इंजिनाकडे गेले, परत आले. दोन्ही हुबेहूब सारखी.

“बाई, आमचं कोणतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हालाच ओळखू येईना, तर उद्या बंद कोणतं करू, साहेब?”