केरबा आणि तीस म्हशी

नांदवडी गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा तरी किती? कोणी 'जरा थांब' म्हणालं, की 'आता चल' म्हणेपर्यंत तो तिथंच उभा. एकदा गुरव त्याला देवळापाशी थांब म्हणाला आणि विसरून लेकीच्या गावाला निघून गेला. गुरव परत आला तेव्हा केरबा तिथंच होता. गावातली वासरं त्याला खांब समजून अंग घासून जात होती.

तरी केरबा कामाचा होता. तालुक्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला होता. तंबाखू नाही, चकाट्या नाहीत, उलट उत्तर नाही. म्हणून दूध संस्थेचे चेअरमन दगडूअण्णा यांनी त्याला संस्थेत तात्पुरता ठेवून घेतला. त्याची आई अनसूया गावभर सांगत सुटली की पोरगं खुर्चीवर बसतंय.

दगडूअण्णांना सुगंधा नावाची मुलगी होती. केरबाला ती आवडायची. फार आवडायची. ती दूध घालायला आली की केरबा माप उलटं धरायचा. सुगंधालाही तो बरा वाटायचा. आणि अण्णांना तर पसंतच होता. सांगितलेलं ऐकणारा जावई कोणाला नको असतो?

त्याच सुमाराला बाजारात नवी गोळी पेंड आली. विकणारा म्हणे, हिने म्हशीचं दूध वाढतं. अण्णा म्हणाले, पारखल्याशिवाय घेणार नाही. पारखायला तालुक्याहून शिरगुप्पे मॅडम आल्या. त्यांच्या कॉम्प्युटरात एक प्रोग्रॅम होता. एका रकान्यात जुन्या पेंडीच्या म्हशींचं दूध भरायचं, दुसऱ्यात नव्या पेंडीच्या म्हशींचं. बटण दाबायचं. फरक खरा, की नुसता योगायोगाचा, ते प्रोग्रॅम सांगायचा.

अण्णांनी केरबाला बोलावलं.

"ह्या मॅडम सांगतील तसं कर. वार्षिक सभेत निकाल नीट वाचून दाखव. मग तुझी नोकरी पक्की, आन् मग सुगंधाचं बोलू. घोळ घातलास तर दोन्ही इसर."

"व्हय अण्णा," केरबा म्हणाला. "सांगतील तसंच करतो."

आणि तो तसंच करू लागला. बिचाऱ्याचं तिथंच चुकलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला सरावासाठी गावातल्या म्हशींचं दूध कॉम्प्युटरात भरायला सांगितलं. हौसाक्काची म्हैस आटली होती, तिचा आकडा नव्हता. केरबाने ती जागा मोकळी सोडली. बटण दाबल्यावर प्रोग्रॅम अडून बसला.

"अरे, जागा मोकळी ठेवायची नाही," मॅडम म्हणाल्या. "एखादा आकडा नसला, तर सध्या बाकीच्यांची सरासरी काढ आणि तिथं भर."

"ध्यानात ठेवलं मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा दूध गोळा करायला बसला. बायका रांगेत उभ्या. हौसाक्का आपली किटली घेऊन नुसतीच सांगायला आली होती की बाबा, म्हैस आटली, माझं नाव आठवडाभर धरू नको. केरबाने किटलीत डोकावून बघितलं. मोकळी. त्याने प्रत्येकीच्या किटलीतून थोडं थोडं दूध काढलं, हिशेब केला, आणि हौसाक्काची किटली सरासरीइतकी भरली.

मग जे भांडण लागलं ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. एकीने हौसाक्काची वेणी धरली, दुसरीने केरबाची कॉलर. हौसाक्का ओरडत होती, "अगं माझी म्हस आटलीया, मी काय मागितलं व्हतं का!" केरबा शांतपणे सांगत होता, "जागा मोकळी ठेवायची नसती."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, आटलेल्या म्हशीच्या नावावर सहा लिटर! असा जगावेगळा आकडा दिसला की डोळे उघडे ठेवायचे. जो बाकीच्यांशी जुळत नाही, तो आधी बाजूला काढायचा. नाहीतर एकटा सगळ्यांचा हिशेब बिघडवतो."

"चुकलं मॅडम. आता ध्यानात ठेवलं."

केरबाने खरंच ध्यानात ठेवलं. दुपारी तो दगडूअण्णांच्या गोठ्यावर दूध मोजायला गेला. गावातल्या म्हशी पाच लिटर, सहा लिटर, फार तर सात. अण्णांची एक मुऱ्हा म्हैस मात्र सतरा लिटर द्यायची. तालुक्याच्या प्रदर्शनात तिला फेटा बांधून मिरवलं होतं. अण्णा स्वतः घास घेण्याआधी तिला घास द्यायचे.

केरबाने तिच्याकडे बघितलं. बाकीच्यांशी जुळत नव्हती. एकटीच सगळ्यांचा हिशेब बिघडवत होती. त्याने दावं सोडलं आणि तिला बाजूला काढली. चांगली लांब बाजूला काढली, ओढ्यापलीकडच्या माळावर, बाभळीला बांधून.

संध्याकाळी अण्णांनी गोठा बघितला आणि मटकन खाली बसले. गाव गोळा झालं. कोणी म्हणालं चोरी, कोणी म्हणालं भाऊबंदकी. अण्णांनी चुलतभावाच्या नावाने शिमगा सुरू केला. चुलतभाऊ काठी घेऊन आला. डोकी फुटायचीच बाकी होती, इतक्यात केरबा म्हणाला, "अण्णा, म्हस मी काढलीया. लई येगळी व्हती."

सुगंधा ओट्यावर पदर तोंडात धरून हसत होती. तिच्यामुळे त्या दिवशी केरबा वाचला, नाहीतर अण्णांनी त्यालाच बाभळीला बांधला असता.

मॅडम वैतागल्या. "कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, हे तू तुझ्या मनाने ठरवू नकोस! नावांच्या चिठ्ठ्या कर, डोळे झाकून उचल. अर्ध्या म्हशींना नवी पेंड, अर्ध्यांना जुनी. आणि कोणाला काय मिळालं ते मालकाला सांगायचं नाही. कितीही विचारलं तरी नाही. कळलं की माणसं उगाच नव्या पेंडीचं कौतुक करायला लागतात."

"ध्यानात ठेवलं मॅडम."

पेंडीच्या चिठ्ठ्या केरबाने चोख टाकल्या. त्यात खोट नव्हती. पण त्याच आठवड्यात वरच्या दूध संघाचे साहेब संस्था बघायला आले. अण्णा म्हणाले, "केरबा, सगळ्यांस्नी च्या दे."

केरबाने आत जाऊन सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या. डोळे झाकून उचलल्या. अर्ध्यांना आलं घातलेला दाट चहा. अर्ध्यांना गरम पाण्यात गुळाचा खडा. कप सारखे, बशा सारख्या.

मोठ्या साहेबांनी घोट घेतला आणि कपात बघितलं. शेजारचे साहेब मिटक्या मारत होते. अण्णांच्या वाट्यालाही गुळाचं पाणीच आलं होतं.

"केरबा, हे काय हाय रं?"

"सांगता यायचं न्हाई अण्णा."

"अरं, च्या हाय का काय हाय?"

"कितीबी इचारा. सांगायचं नसतं."

साहेब उठले आणि गाडीत जाऊन बसले. अण्णांनी त्यांच्यामागे फाटकापर्यंत हात जोडत धाव घेतली.

पुढे महिनाभर म्हशींनी पेंड खाल्ली. मॅडमनी आठ म्हशींचे आकडे आधी चाचणीला घेतले आणि केरबाला शेजारी बसवून समजावलं. "बघ, नवी पेंड चांगली असं मनात धरून बसायचं नाही. सुरुवातीला धरायचं की दोन्हींत काहीच फरक नाही. पुरावा हातात आला, तरच फरक आहे म्हणायचं."

"फरक न्हाई. ध्यानात ठेवलं."

त्याच संध्याकाळी देवळात भजन होतं. भजन संपल्यावर अण्णांचे पाय अवघडले होते. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "केरबा, तेवढ्या माझ्या चपला आण."

दाराशी चपलांचा ढीग पडला होता. केरबाने क्षणभर विचार केला. ह्या चपलेत आणि त्या चपलेत फरक असल्याचा पुरावा त्याच्या हातात नव्हता. त्याने हाताला आल्या त्या दोन आणल्या. एक अण्णांची होती. दुसरी कोणा बाईमाणसाची, लाल पट्ट्याची. दोन्ही डाव्या पायाच्या.

अंधुक उजेडात अण्णांनी त्या घातल्या आणि भर चौकातून लंगडत घरी गेले. सरपंचांच्या बायकोने आपली चप्पल अण्णांच्या पायात ओळखली. पुढे काय झालं ते गावाने पुष्कळ दिवस चवीने सांगितलं. अण्णांच्या बायकोने मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आणि चाचणीचं काय? केरबाने बटण दाबलं. प्रोग्रॅमने सांगितलं, फरक सिद्ध होत नाही. केरबा तडक अण्णांकडे निघाला सांगायला, की पेंड कुचकामी. मॅडमनी त्याला दारातून माघारी ओढला.

"थांब, थांब! अरे, एवढ्याशा आकड्यांवरून काही ठरवायचं नसतं. एक बघितली, दोन बघितल्या, म्हणजे झालं असं नाही. एखादी आवडली म्हणून तिच्यावरून मत बनवशील तर फसशील. निदान तीस तरी बघ. तीस बघितल्याशिवाय तोंडातून निकाल काढायचा नाही. माझी शपथ आहे तुला."

मॅडमनी शपथ घातली. केरबाला आजवर कोणी शपथ घातली नव्हती. त्याचा ऊर भरून आला.

"मरेस्तवर ध्यानात ठेवतो मॅडम."

आणि नवल म्हणजे, या खेपेला सगळं बिनचूक झालं. नव्या पेंडीच्या तीस म्हशी, जुन्या पेंडीच्या तीस. केरबाने पावसाचिखलातून गोठे पालथे घातले, एकही आकडा चुकवला नाही. मोकळ्या जागेत काही कोंबलं नाही, कोणाची म्हैस लांबवली नाही. बटण दाबलं. निकाल आला.

वार्षिक सभेला मंडप भरला होता. केरबा उभा राहिला. समोर बायकांच्यात सुगंधा बसली होती. त्याने पडद्यावर होतं तसं वाचून दाखवलं, "दोन्ही गटांच्या सरासरीत फरक हाय. पी ची किंमत शून्य पूर्णांक शून्य दोन. म्हंजे हा फरक नुसता योगायोगानं दिसायची शक्यता लई कमी हाय."

मग मागून हौसाक्का ओरडली, "आरं, दूध वाढलं का न्हाई ते सांग की मेल्या!"

केरबाने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी होकाराची मान हलवली.

"वाढलं," केरबा म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी डोळे पुसले. अण्णांनी माईक घेतला आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं की केरबाची नोकरी आजपासून पक्की. म्हैस, चहा, चपला, सगळं त्यांनी पोटात घातलं. खाली येऊन त्यांनी अनसूयाबाईंना हळूच सांगितलं, "रविवारी पोराला घेऊन घरी या. रीत म्हणून मुलगी बघून घ्या. बाकी ठरल्यातच जमा हाय."

रविवारी केरबा नवा सदरा घालून अण्णांच्या सोप्यावर बसला. शेजारी आई. समोर अण्णा, दोन मामा, एक आत्या. अण्णांच्या बायकोने त्या दिवसापुरतं बोलणं सुरू केलं होतं. ब्राह्मणाला निरोप गेला होता. साखरपुड्याचे पेढेसुद्धा आत आणून ठेवले होते, म्हणजे लगेच तोंड गोड करता येईल.

सुगंधा पोह्यांच्या बशा घेऊन आली. केरबापुढे बशी धरताना तिने मान वर केली आणि हसली. केरबाच्या अंगावर काटा आला. असं सुख त्याला जन्मात झालं नव्हतं. आत्ताच्या आत्ता उठावं आणि होय होय होय म्हणून ओरडावं, असं त्याला वाटलं.

अण्णा हसत म्हणाले, "काय केरबा? मुलगी पसंत?"

केरबाने तोंड उघडलं. आणि त्याला मॅडमची शपथ आठवली. त्याने तोंड मिटलं. डोळे भरून आले, पण तो खंबीर राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "एकीवरनं कसं सांगू? निदान तीस तरी बघाया लागतील."

मामांच्या हातातला चमचा बशीत पडला. केरबाला वाटलं, अण्णांचा काहीतरी गैरसमज होतोय. त्याने समजूत घातली.

"काळजी करू नगा. सुगंधाबी धरतो की त्यात."

अण्णा उठले. काठी कुठं आहे ते आधी शोधू लागले. त्यांच्याआधी सुगंधा पुढे झाली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने केरबाच्या हातातली बशी काढून घेतली.

"तीस ठिकाणी पोहे खायाचं हाईत तुमास्नी," ती म्हणाली. "हितंच पोट भरू नगा."

आणि ती आत गेली ती परत आली नाही. पेढे आतच राहिले.

घरी येताना अनसूयाबाई वाटभर रडत होत्या. पदर ओला झाला तरी रडत होत्या. केरबाला आईचं रडणं बघवेना. चौकाशी तो थांबला, तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि म्हणाला, "आये, रडू नगंस. एक झाली. आता एकोणतीसच राहिल्या."