शाळा भरली म्हणजे कशाने?

माणसांना शाळा काढायचं सुचलंही नव्हतं, तेव्हा रानात एक शाळा होती. पाखरांचा वर्ग फांद्यांवर भरायचा, बिळातल्यांचा झाडाच्या मुळांशी आणि पाण्यातल्यांचा डोहाकाठी. सुतारपक्षीण बाई रोज सकाळी चोचीने खोड ठोकून सांगायच्या, "शाळा भरली."

एकदा मुंगसाच्या पोरीने विचारलं, "बाई, भरली म्हणजे कशाने भरली?"

"आगाऊपणा पुरे. वर्गात बस."

पण तिला काही चैन पडेना. ती डोहाकाठी गेली. "आमच्याने भरते," बेडूक म्हणाले. फांदीवरचा पोपटही तेच म्हणाला. शिवाय कुरकुरला, "सकाळपासून खालच्या खड्ड्यात कोणीतरी रडतंय. अभ्यास कसा करायचा?"

"कोण रडतंय?"

"मला काय ठाऊक? आमच्या वर्गातलं नाही."

पोर धावत गेली. खड्ड्यात डोहाच्या वर्गातलं कासव उताणं पडलं होतं. बेडकांना वाटलं होतं, ते घरीच राहिलंय.

कासवाला बाहेर काढल्यावर बाईंनी तिन्ही वर्गांना एकत्र बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात जाण्याआधी सगळ्यांनी रोज मोठ्या खडकावर जमायचं ठरलं. पहिले काही दिवस पाखरं बेडकांकडे टकमका बघत राहिली. मग हळूहळू नावं कळली, खोड्याही कळल्या.

एका सकाळी बाईंनी ठोकायला चोच उचलली, तोच पोपट म्हणाला, "थांबा बाई, आपलं कासव यायचंय."

कासव खडकावर पोचेपर्यंत त्या दिवशी शाळा भरली नाही.