चौथा ठोका

“मिस्त्री, सांगा ना. कसं चाललं?”

हसन मिस्त्री स्टुलावर बसून रुळांकडे बघत राहिले.

अंगणातल्या कडुलिंबाभोवती त्यांनी रूळ टाकले होते. दगडी खांब, खांबांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर लोखंडी रूळ. त्या रुळांवर मकरंद देवस्थळीचं इंजिन धापा टाकत उभं होतं. दोन हात लांब, हिरवं, पितळी पट्ट्यांचं. आकार खेळण्याचा, पण आत खरा कोळसा, खरी आग, खरी वाफ.

त्याने नुकत्याच बारा फेऱ्या मारून दाखवल्या होत्या. शेवटची तर अकरा सेकंदांत.

मिस्त्रींची उभी हयात रेल्वेच्या बॉयलर शॉपमध्ये गेली होती. हातोड्यांच्या आवाजाने उजवा कान पुरता गेला, डावा अर्धा उरला. निवृत्त झाल्यावर ते दौंडजवळच्या या गावात राहायला आले आणि असली छोटी इंजिनं घडवू लागले. मकरंद पुण्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर. चार वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला येत होता. हे त्याचं पहिलं इंजिन.

आठ दिवसांनी पुण्यात प्रदर्शन होतं. तिथल्या मंडळींनी त्याला विचारलं होतं, नंतर आम्हाला शिकवाल का? बाराजणांनी नावंसुद्धा दिली होती. मिस्त्रींनी इंजिन चांगलं म्हटलं की वर्ग सुरू करतो, असं तो त्यांना सांगून आला होता.

तो मिस्त्रींच्या डाव्या कानाशी वाकला.

“कसं चाललं?”

“पळालं,” मिस्त्री म्हणाले. “आता चालव.”

मकरंदने वाफ कमी केली. इंजिन निघालं. मिस्त्री उठले, फळीपाशी गेले आणि रुळाशेजारी तळहात टेकवून उभे राहिले. डोळे मिटलेले.

“हळू.”

त्याने वाफ आणखी कमी केली.

“अजून हळू.”

“मिस्त्री, याहून हळू...”

“अजून.”

इंजिन रांगायला लागलं. धुराड्यातून वाफेचा एक ठोका... दुसरा... तिसरा...

आणि थांबलं.

मकरंद पुढे झाला, काहीतरी केलं, आणि इंजिन पुन्हा निघालं. अर्ध्या फेरीनंतर पुन्हा थांबलं. पुन्हा निघालं.

मिस्त्रींनी डोळे उघडले.

“चाकाच्या एका फेऱ्यात ठोके किती?”

हे पहिल्या रविवारी शिकवलेलं. मकरंदला जरा राग आला.

“चार.”

“मला तीन आले. चौथा येतो न येतो.”

“मला तर चारही ऐकू येतात, मिस्त्री.”

बोलून गेल्यावर त्याला ते बोचलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही.

“थांबल्यावर तू काय केलंस?”

“कुठे काय? ते आपोआप निघालं.”

मिस्त्रींनी इंजिन थांबवलं. त्याच्या मागच्या बाजूला, कोळशाच्या डब्याखाली, नखाने एक जागा दाखवली. बोटाच्या पेराएवढ्या जागेतला हिरवा रंग घासून गेला होता. खालचं पितळ चकचकीत दिसत होतं.

मकरंद त्या ठिपक्याकडे बघत राहिला...

दीड वर्ष तो हे इंजिन चालवत होता. आपण त्याला बोट लावतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

“एवढा धक्का कुणीही देतो,” तो शेवटी म्हणाला. “प्रदर्शनात इतकं हळू कोण चालवतंय? वेगात तर कुणाला कळतही नाही.”

“वेगात मलाही कळत नाही,” मिस्त्री म्हणाले.

“मग?”

मिस्त्री पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

“मिस्त्री, वाफेची झडप पुन्हा बसवायची म्हणजे सगळं इंजिन उघडावं लागेल. चार-पाच महिने जातील. हातात आठ दिवस आहेत.”

मिस्त्री कडुलिंबाच्या फांद्यांकडे बघत होते.

“लोक थांबलेत. मी त्यांना काय सांगू?”

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव नव्हती. वाटही पाहत नव्हती ती नजर...

मकरंदने आग विझवली, इंजिन पेटीत ठेवलं आणि पाया न पडताच निघून गेला.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना त्याने घरी एक काम केलं. डबीच्या तळाशी थोडा हिरवा रंग उरला होता. बारीक कुंचल्याने तो ठिपका बुजवला. जागा ओळखू येईना. बायकोलाही दाखवलं. तिला काही दिसलं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने गच्चीवर इंजिन पेटवलं. एकदाच, खात्रीसाठी. गच्चीतल्या छोट्या रुळांवर ते छान पळालं. तो खूश झाला. खाली आला, चहाचा कप उचलला.

बायको म्हणाली, “बोटाला काय लागलंय?”

त्याने पाहिलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर हिरवा रंग होता.

रंग अजून पुरता वाळला नव्हता. आणि बोट लावल्याचं त्याला आजही आठवत नव्हतं.

कप हातातच राहिला. चहा निवला. बायकोने विचारलं, बरं वाटत नाहीये का? तो नाही म्हणाला, की हो म्हणाला, तिला कळलं नाही. मग त्याने प्रदर्शनवाल्यांना फोन केला. इंजिन तयार नाही, म्हणाला. वर्गाचं काय, त्यांनी विचारलं. मीही तयार नाही, म्हणाला.

त्याच दुपारी त्याने पहिला स्क्रू काढला.

पाच महिने गेले. रविवारी तो मिस्त्रींकडे गेला नाही. मिस्त्रींनी निरोप धाडला नाही. त्याने झडप काढली, बसवली, पुन्हा काढली. केसाएवढा फरक होता, तोही एकाच बाजूला. तो सापडायला सात आठवडे लागले. झडपेचा नवा दांडा घडवायला त्याहून जास्त. या काळात तो आवाजावर विसंबायचं सोडून फळीवर हात टेकवायला शिकला. सुरुवातीला हाताला काहीच कळायचं नाही. मग थोडं थोडं कळू लागलं.

माघात एका सकाळी तो मिस्त्रींच्या अंगणात उभा राहिला. आधी पाया पडला. मिस्त्रींनी पाठीवर हात ठेवला. दोघांपैकी कुणी काही विचारलं नाही.

इंजिन रुळांवर चढलं. पाणी तापलं, वाफ धरली. मकरंदने वाफ सोडायचा दांडा इतका हलकेच ओढला की तो हलला की नाही, हे दिसलंच नाही.

इंजिन निघालं.

मिस्त्रींनी फळीवर तळहात ठेवला. मकरंदने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

एक... दोन... तीन... चार.

एक... दोन... तीन... चार.

एका फेरीला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला. चाक कुठे अडखळलं नाही, कुठे घसरलं नाही. मिस्त्रींनी मधेच ते थांबवायला लावलं. पुन्हा सोडायला लावलं. दुसऱ्या जागी थांबवलं. सात जागी थांबवलं. सातही वेळा इंजिन आपलं आपण निघालं.

मिस्त्रींनी हात उचलला.

“चारही आले,” ते म्हणाले. “चांगलं आहे.”

चार वर्षं आणि पाच महिने मकरंद या शब्दाची वाट बघत होता. आता तो आला, आणि मकरंद मान खाली घालून उभा राहिला.

“काय रे?”

“मागे नीट जात नाही, मिस्त्री.”

“काय?”

तो डाव्या कानाशी वाकला. “पुढे जाताना चांगलं चालतं. उलटं, मागे चालवलं की तिसरा ठोका उशिरा येतो. थोडासाच.”

“मी मागे चालवायला सांगितलं नव्हतं.”

“नाही.”

“सांगणारही नव्हतो.”

“माहीत आहे.”

“मग तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही... मीच चालवून पाहिलं. काल. तोवर दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता. आज तसंच आणलं.”

मिस्त्री इंजिनाकडे वळले.

इंजिनातली आग मंद होत चालली होती. पितळेवरून एक थेंब ओघळला आणि फळीवर पडला. मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं काढलं, वाकून तो थेंब पुसला, मग इंजिनाची एक बाजू पुसली. दुसरी बाजू पुसायला त्यांनी फडकं मकरंदच्या हातात दिलं.

मकरंदचं पुसून झालं.

“पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “मग घेऊन येतो.”

मिस्त्रींनी मान हलवली.

“इंजिन आणू नकोस,” ते म्हणाले. “चहाला ये.”