खारीचे सोळा सोमवार

एका जंगलात, जुन्या मोहाच्या झाडावरच्या ढोलीत, एक खार आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. धाकटे पिल्लू तापाने फणफणले, तेव्हा तिने बेलाखालच्या महादेवाला हात जोडून सांगितले होते, "देवा, माझं बाळ उठून बसू दे. दर सोमवारी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही." आता मुलांनो, खारीने दिवसभर गप्प बसायचे म्हणजे काय, हे ज्यांनी झाडाखाली उभे राहून तिची बडबड ऐकली आहे त्यांनाच कळेल! पण देवाने ऐकले. पिल्लू उठले, खाऊ लागले, भावंडांच्या शेपट्या ओढू लागले, आणि नवस फेडण्याचा पहिला सोमवार उजाडला.

पिल्लू बरे झाले खरे, पण खारीच्या डोक्यावर देणे होऊन बसले होते. पावसाचे पाणी ढोलीत शिरून साठवलेले दाणे कुजले, तेव्हा तिने कावळ्याकडून उसने घेतले. कावळ्याची ओरड थांबावी म्हणून पोपटाकडून घेतले. पिल्लाच्या आजारपणात साळुंकीने दिले. मिळवती एकटी खार आणि खाणारी चार तोंडे! पहाटेपासून बिया वेचायच्या आणि दारात येऊन जो जास्त ओरडेल त्याच्यापुढे थोड्या टाकायच्या, असे तिचे चालले होते. जास्त ओरडणारा अर्थातच कावळा. सकाळी त्याला द्यावे, संध्याकाळी घरात काही नसले की त्याच्याचकडून पुन्हा मागून आणावे. बाकीच्यांना ती पानाआडून सांगे, "उद्या नक्की हं!" कुणाचे नेमके किती राहिले, हे विचारायची तिला लाज वाटे. मनातला देण्याचा डोंगर मात्र रोज उंच होत होता.

त्या सोमवारी कावळा सकाळीच येऊन फांदीवर बसला. "काय गं खारे, आज कुणाची सबब? बाळाची, की पावसाची?"

सबब खारीच्या अगदी ओठांवर आली होती. पण सोमवार होता. ती ढोलीच्या तोंडाशी मुकाट बसून राहिली.

"बोल की! तोंडाला कुलूप घातलंस काय?" कावळा मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागला. समोरचा बोलत नाही म्हटल्यावर त्याचाही आवाज जरा खाली आला. "बरं, नको बोलूस. दोन मुठींसाठी मी रोज घसा फोडतोय. माझी बायको मला हसते, ते वेगळंच."

खारीने कान टवकारले. दोन मुठी? एवढ्याच?

थोड्या वेळाने साळुंकी आली. "मी मागायला नाही हं आले, खारूताई. बाळाला बघायला आले." पिल्लाशी खेळून झाले, तरी ती निघेना. शेवटी हळूच म्हणाली, "तुला म्हणून सांगते. त्या चार मुठी मिळाल्या तर बरं होईल गं. माझा पंख दुखावलाय, लांब उडता येत नाही." खारीचे डोळे भरून आले. साळुंकी मागत नाही म्हणजे तिला गरज नाही, असेच ती धरून चालली होती.

दुपारी पोपट आला. त्याने आजवर एकदाही आवाज चढवला नव्हता. "ताई, मौन आहे वाटतं? छान, छान! नुसतं ऐका. पाच मुठी नेल्या होत्यात. दर पौर्णिमेला एक वाढते, तशा आता नऊ झाल्या. गडबड मुळीच नाही. पळस फुलेपर्यंत सावकाश द्या. नाही जमलं तरी मनाला लावून घेऊ नका. ठरल्याप्रमाणे एवढी ढोली रिकामी करा, म्हणजे झालं. आमच्या हिला ही फार आवडली आहे." असे म्हणून त्याने ढोलीचे तोंड चोचीने मोजूनही पाहिले.

घेताना घाईघाईत खारीने कशाकशाला मान डोलावली होती, ते आता तिला आठवले. तिन्ही पिल्ले तिच्या शेपटीत शिरून झोपली होती. ढोली गेली तर ह्यांना घेऊन जायचे कुठे?

पण खरे नवल पुढेच आहे. भीतीपेक्षा तिला कुतूहलच जास्त वाटू लागले. जो ओरडतो त्याचे देणे सर्वांत थोडे, आणि जो ओरडत नाही त्याचे वाढतच जाते, हे कसे? आणि मी पोपटाला आजवर एक दाणाही का बरे दिला नाही? खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती, प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा. ह्यांच्या दारात कधी कुणी ओरडत कसे नाही? विचारायला कुणी नाही असे नव्हते, विचारायची सोय नव्हती! तिची शेपटी नुसती थरथरत होती. सूर्य डोंगराआड मावळला, तशी ती सरसर खाली उतरून वारुळाशी गेली.

"मुंगीमावशी, एक विचारू?"

"विचार बाई," म्हातारी मुंगी हसून म्हणाली, "दिवसभराचं साठलं असेल!"

"तुमच्या दारात कुणी मागायला का येत नाही?"

"आमच्यात जिला अडचण येते, ती सगळ्यांच्या कोठारातून नेते आणि ठरल्या दिवशी ठरलेलं आणून टाकते. कुणी कशाला येईल? बरं, आता मी विचारते. तू रोज आणतेस किती आणि घरात लागतं किती?"

खारीने हे कधी पाहिलेच नव्हते. मग दोघींनी बसून हिशेब मांडला. रोज दारात थोडे टाकायचे आणि पुन्हा मागून आणायचे हे थांबवले, तर आठवड्याला एक मूठ खरोखरच उरत होती.

"दोन, चार आणि नऊ. पंधरा मुठी आमच्या कोठारातून ने आणि तिघांचं मिटव," मुंगी म्हणाली. "आमच्याकडे सोळा सोमवार एकेक मूठ आण. सोळावी मूठ राबणाऱ्या पोरींची. पण मधे कुणाकडूनही उसनं घ्यायचं नाही. आणि एखाद्या सोमवारी जमणार नसेल, तर लपायचं नाही. रविवारीच येऊन सांगायचं, सोमवारी तू बोलत नाहीस म्हणून!"

"मावशी, पण माझ्यावर विश्वास ठेवता?"

"खार असून दिवसभर गप्प राहिलीस. आणखी काय बघायचं?"

दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग दाणे घेऊन निघाली. साळुंकीचे पोचले, कावळ्याचे पोचले. पोपट मात्र फांदीवर सरकत सरकत मागे जाऊ लागला. "अहो ताई, घाई कसली? राहू द्या की पळसापर्यंत!"

"नऊच ना, राघूभाऊ?" खार म्हणाली. "कावळेदादांसमोर मोजून घ्या."

पोपटाला मोजून घ्यावेच लागले. शेवटचा दाणा पडला आणि कावळा जो ओरडला, "फिटलं! पोपटाचं फिटलं! सगळ्यांचं फिटलं!", की ते जंगलाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेले. ज्या आवाजाने खार रोज दडून बसे, तो तिला त्या दिवशी आरतीसारखा गोड लागला.

मग सोमवारमागून सोमवार गेले. खार मुकाट्याने वारुळाशी मूठ ठेवी आणि मान लववून परत येई. पोपट मधून मधून डोकावे, "ताई, मुलांना गोडधोड करा, न्या की दोन मुठी!" ती म्हणे, "मुलं बोरं खाताहेत, भाऊ. बसा, तुम्हीही खा." एका आठवड्यात गारा पडल्या आणि अर्धीच मूठ जमली. रविवारी ती मुंगीकडे गेली. मुंगी म्हणाली, "सांगायला आलीस ना? मग झालं. पुढच्या वेळी दीड आण." आणि तिने दीड आणली.

सोळावा सोमवार पार पडला. सतराव्या सोमवारी, उद्यापनाला, सूर्य मावळल्यावर खारीने कावळा, साळुंकी आणि म्हातारी मुंगी यांना जेवायला बोलावले. कितीतरी दिवसांनी घरात एक मूठ जास्तीची होती. त्यातली अर्धी तिने मुंगीच्या पुढे ठेवली. "ही कोठारात टाका, मावशी. उद्या दुसऱ्या कुणाला लागेल." समोर पळस लालभडक फुलला होता. ढोलीतून तीन चिमुकली तोंडे बाहेर काढून पिल्ले तो रंग डोळे मोठे करून बघत होती.

तात्पर्य : देणे झाले म्हणून तोंड लपवू नये. कुणाचे किती आणि कसे वाढते ते आधी ऐकून घ्यावे, अनेक दारांचे देणे एका खात्रीच्या दारी आणावे आणि ठरलेला वाटा नेमाने पोचवावा. तर मुलांनो, तुम्हीही एक दिवस सबबी न सांगता नुसते ऐकून बघा, धरलेला नेम शेवटपर्यंत सांभाळा, आणि खारीची ढोली जशी तिच्याकडेच राहिली तसे तुमचेही घर सुखाचे राहो.