कातळावरचं मीठ

एक होतं बंदर. त्याचं नाव काय होतं, ते आता कुणालाच आठवत नाही, बरं का. तिथे राहायचे वाणी. गलबतं यायची, खजूर उतरवायची, मीठ भरून न्यायची. मग एकदा काय झालं, समुद्रच मागे सरला. खाडीत गाळ भरला. गलबतं लांबूनच परत फिरायला लागली. दुकानं होती, दुकानांत मीठ होतं, पण घ्यायला कुणी येईना.

वाण्यांचे पुढारी होते नरसूशेट. म्हातारे, पण ताठ. ते म्हणाले, "इथलं अन्नपाणी संपलं. आता निघायचं."

पण जायचं कुठे? तर त्या वाण्यांची एक जुनी रीत होती. गाव सोडायचं झालं, की आपली देवी मिठाच्या गोणीत ठेवायची. तागडाई तिचं नाव. देवी म्हणजे काय, तर नुसता गुळगुळीत काळा दगड, नारळाएवढा. ती गोणी बैलाच्या पाठीवर घालायची आणि बैलाला मोकळं सोडायचं. तो चालेल तिकडे चालायचं. तो बसेल तिथे घरं बांधायची.

मग काय, निघाले सगळे. पुढे देवीचा बैल, मागे मिठाच्या गोण्या लादलेले बाकीचे बैल, त्यांच्या मागे बायकामुलं. नरसूशेटांची एक सून होती, पुतळा. नवीनच लग्न झालेली. हिला एक खोड होती. हे असं का? ते तसं का? ते पक्षी कुठे चाललेत? सारखं विचारायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं बाई, जरा श्वास तरी घे!" हसतेस काय कुमुद? तुझ्यासारखीच होती ती.

चालता चालता एक मोठं शहर लागलं. बाजार कसा गजबजलेला! सगळ्यांना वाटलं, इथेच बसणार बैल. बैलाने कुणाच्या तरी टोपलीतली मेथी खाल्ली आणि पुढे निघाला. मग एक नदी लागली. काठाला आंब्याची राई, गार सावली. बैल पाणी प्यायला आणि पुढे निघाला. मग लागला घाट. बैल घाट चढून वर गेला. वर काय होतं? नुसता कातळ. काळा, उघडा, लांबच लांब. करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर हिरवं असं काही नाही. आणि तिथे बैल बसला!

बायका रडायलाच लागल्या. नरसूशेटांचे धाकटे भाऊ होते बाबलशेट. ते म्हणाले, "दादा, हा दमून बसलाय. देवीबिवी काही नाही." त्यांनी बैलाला ढकललं, ओढलं, पुढ्यात पेंड धरली. बैल पेंड खाऊन पुन्हा रवंथ करत बसला.

"बसला तो बसला," नरसूशेट म्हणाले. "चुली मांडा."

चुली मांडल्या, पण शिजवायचं काय? बरोबर मीठच मीठ. धान्य अगदी थोडं. आणि पाणी पार खालच्या ओढ्यात. पुतळा पाण्याला निघाली, तर वाटेत तिला दिसला एक चपटा दगड, चौरंगासारखा. त्यावर पानांचा द्रोण, द्रोणात मध. ताजा, वास येणारा. आजूबाजूला चिटपाखरू नाही!

कुणी ठेवला? कुणासाठी? पुतळाने हात लावला नाही. धावत जाऊन सासऱ्यांना घेऊन आली.

नरसूशेट दगडाभोवती फिरले. म्हणाले, "पोरी, कुणीतरी आपल्याला विचारतंय, तुमच्याकडे काय आहे म्हणून. वाण्याने फुकट उचलायचं नाही. घेतलं, तर तोलाचं ठेवायचं." त्यांनी मध उचलला आणि तिथे मिठाची ढीगभर रास घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काय, मीठ नाही! त्या जागी नाचणीची पाटी, हिरडे, आणि दोन द्रोण मध. आणि गंमत ऐका. त्या दगडाच्या मुळाशी पाणी झुळझुळायला लागलं होतं. कोरडा कातळ, आणि त्यातून झरा!

मग रोजचंच झालं. संध्याकाळी मीठ ठेवायचं, सकाळी धान्य आणायचं. दोन्हीकडचं कुणी कुणाला बघत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, वनदेवी असेल. मुलं म्हणायची, भूत. बाबलशेट म्हणायचे, "कोण का असेना, नाचणी बरी आहे." पुतळाला मात्र चैन पडेना. ती दगडाजवळची माती निरखायची. पावलं उमटलेली असायची, पण कशी? रांगतं मूल नुकतं उभं राहावं, एवढीशी! आणि एवढ्याशा पायांनी एवढाली पाटी उचलली कशी? ती सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, एकदाच लपून बघू का?"

"नको," ते म्हणाले. "त्यांना दिसायचं असतं, तर दिसले असते."

पुतळाने ऐकलं. फार कठीण गेलं, पण ऐकलं.

घरं उभी राहिली. आणि मिठाच्या गोण्या रिकाम्या व्हायला लागल्या. समुद्र कुठे, आणि हे कुठे! ते मोठ्या वळणाने आले होते. परत जाऊन मीठ आणायचं, तर महिनेच्या महिने जाणार. हे बाबलशेटांच्या लक्षात आलं, कारण गोण्या तेच उचलायचे. ते घाबरले. कुणाला बोलले नाहीत. ओढ्यातल्या पांढऱ्या गारगोट्या आणल्या, बारीक कुटल्या, आणि मिठात मिसळल्या. मीठ पुरवायला.

सकाळी पुतळा दगडापाशी गेली आणि तिथेच थबकली. धान्य नव्हतं. मध नव्हता. मीठ जसंच्या तसं पडलेलं. जसंच्या तसं म्हणजे, नाही हो! दगडाच्या एका बाजूला मिठाची रास. दुसऱ्या बाजूला गारगोटीच्या चुऱ्याची रास. एक एक कण वेचून वेगळा केलेला! आणि झरा आटलेला.

नरसूशेटांनी सगळ्यांना बोलावलं. "हे कुणी केलं?"

बाबलशेट खाली बघत उभे.

दुसऱ्या दिवशी चांगलं मीठ ठेवलं. कुणी नेलं नाही. तिसऱ्या दिवशी ठेवलं. नाही नेलं. घरात नाचणीची पेज पातळ पातळ होत गेली. तान्ह्यांच्या आयांना पोटभर मिळेना. नरसूशेट एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, "उद्या बैल उठवू. इथलंही संपलं."

तेव्हा पुतळाच्या मनात काय आलं माहीत आहे? ती मनाशी म्हणाली, आपल्याला त्यांना बघायचं होतं, पण त्यांनी आपल्याला कुठे बघितलंय? आपणही त्यांना भुतंच वाटत असू. मग ती उठली. सुपात मीठ घेतलं, अगदी तळचं, निवडलेलं. टळटळीत दुपारी दगडापाशी जाऊन बसली. पदराने डोळे घट्ट बांधले. आणि मोठ्याने म्हणाली,

"मी पुतळा. मिठवाल्यांची सून. तुम्हाला मला बघता यावं म्हणून आले आहे. मी तुम्हाला बघणार नाही."

काही नाही. वारा. ऊन. मग हळूच पानं सळसळली. टप टप टप, अनवाणी पावलं! एक आलं, दोन आली, कितीतरी आली. धुराचा आणि मधाचा वास आला. कुणीतरी तिची बांगडी वाजवून बघितली. कुणीतरी नथीच्या मोत्याला बोट लावलं आणि खुदकन हसलं. पुतळाला कसं झालं असेल! पदर जरासा वर केला असता, तर दिसलं असतं. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

एक आवाज आला, बारीक, पण म्हाताऱ्या माणसाचा. "खोट कुणी केली?"

खोट उघडी पडली त्या सकाळीच पुतळाने बाबलशेटांच्या नखांत पांढरा चुरा बघितला होता. तिला माहीत होतं. ती म्हणाली, "आमच्या घराने केली."

"घराला हात नसतात. नाव सांग."

"मी घराची आहे," पुतळा म्हणाली. "तर माझं धरा."

तेवढ्यात मागून कुणीतरी धडपडत आलं. सूप घेऊन निघालेल्या पुतळाला बाबलशेटांनी बघितलं होतं, आणि ते मागोमाग येऊन जाळीआड उभे होते. आता मात्र त्यांना राहवेना. त्यांनी मुंडासं सोडून डोळ्यांवर बांधलं, पुतळाशेजारी मटकन बसले आणि म्हणाले, "तिचं धरू नका. मी केली. मीठ संपत आलंय. संपलं तर तुम्ही येणार नाही, आमची पोरं काय खातील, या भीतीने केली." आणि एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडायला लागला.

मग तो म्हातारा आवाज म्हणाला, "संपत आलं, तर सांगायचं होतं."

"कुणाला सांगणार? तुम्ही दिसत नाही," बाबलशेट म्हणाले.

"हो, तेही खरं," आवाज म्हणाला. आणि मग म्हणाला, "सोडा डोळे."

पुतळाने पदर सोडला. समोर कोण होते? माणसं! पण कशी? गुडघ्याएवढी. केस पिंगट, अंगावर पानांचे झगे, आणि डोळे हे एवढे मोठे. दहाबारा जण मिळून एक पाटी धरून उभे होते. त्यांच्यातला म्हातारा दगडावर चढला, तेव्हा कुठे पुतळाच्या नाकाशी आला. तो म्हणाला, "आम्ही जाळ्यांतले लोक. आम्हाला वाटायचं, तुम्ही माणसं खाता. तुमच्या चुलींचा धूर बघून आमची पोरं रोज विचारायची, ते कोण, ते कसे दिसतात."

"माझंही तेच चाललं होतं!" पुतळा म्हणाली, आणि दोघंही हसली.

मग त्या लोकांनी काय केलं, बाबलशेटांना करंगळीला धरून कड्यापाशी नेलं. तिथे करवंदीआड एक खिंड होती. मोठ्या माणसाला वाकून जावं लागे, पण खाली उतरलं, की अर्ध्या दिवसात समुद्र! आणि समुद्राकाठी मिठागरं, पांढरीशुभ्र. त्या वाटेने मीठ वर यायला लागलं. मग घाटावरची माणसंही यायला लागली, कुणी कांबळी घेऊन, कुणी तूर घेऊन. कातळावर पेठ बसली. झरा पुन्हा वाहायला लागला, आणि त्याला पाटच काढावा लागला.

बाबलशेटांनी त्या दिवसापासून एक नेम केला. माप भरून दिलं, की वरून आणखी एक मूठ घालायची. कुणी विचारलं, तर म्हणायचे, "ही माझी." बाकीचे वाणीही मग घालायला लागले. ती त्यांची रीतच झाली. आणि नवी सून आली, की आधी दगडापाशी जायची, सुपातून मीठ ठेवायची, आपलं नाव मोठ्याने सांगायची. मगच घराचा उंबरा ओलांडायची. जाळ्यांतले लोक यायचे, नवरीची नथ हात लावून बघायचे आणि द्रोणभर मध देऊन जायचे.

बाजाराच्या दिवशी बाबलशेट दुकानात बसायचे ना, तेव्हा जाळ्यांतली पोरं त्यांच्या खांद्यावर चढून बसायची. एक इकडे, एक तिकडे. गिऱ्हाइकाचं माप भरलं, की पोरंच आधी ओरडायची, "मूठ! मूठ राहिली!" आणि बाबलशेट हसत हसत मूठ घालायचे.

असे ते सगळे, गुडघ्याएवढे आणि पुरुषभर उंचीचे, कातळावर सुखाने राहिले. हं, कुमुद, आता प्रश्न नाहीत. उद्या विचार. पांघरुणं घ्या अंगावर, आणि झोपा बाळांनो.