नीटनेटकी वायर

यंत्रं आपसांत बोलायची, तेव्हाची गोष्ट. हरबा मेस्त्रींनी लाकडावर नक्षी कोरणारं यंत्र घरीच बनवलं होतं. खंडेनवमीला त्यांनी ते पुसलं, हार घातला आणि मोटरची लोंबणारी वायर बरी दिसावी म्हणून सांगाड्याला घट्ट बांधली.

तेव्हापासून मोटर चालता चालता मध्येच थांबू लागली. देव्हाऱ्याची दोन दारं वाया गेली. "ही मोटरच नाठाळ!" म्हणत मेस्त्रींनी ती काढून फळीवर टाकली आणि नवी बसवली.

फळीवरून मोटर वायरीला म्हणाली, "बाई गं, यंत्राचं कोरणारं टोक सरकत कडेला गेलं की तू ताणली जातेस. आतून तुटलीयस का?"

"थोडीशी," वायर कुजबुजली. "पण सगळे म्हणतात, आता किती नीटनेटकी दिसते!"

दुसऱ्या दिवशी नवी मोटरही कडेलाच थांबली. मेस्त्रींनी वायर चाचपली आणि कपाळावर हात मारला. "उगाच तुला बोल लावला गं," म्हणत त्यांनी जुनी मोटर परत बसवली. नवी वायर जोडली, पण सैल सोडून.

ती लोंबते. येणारेजाणारे नावं ठेवतात. यंत्र मात्र अडत नाही.

जुनी वायर भंगाराच्या डब्यात आहे, अजूनही नीटनेटकी.