गलबतातले दगड

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका खाडीवर एक छोटं गाव होतं. खाडी चांगली खोल होती. दूरदूरची गलबतं तिथे नारळ-सुपारी भरायला येत आणि त्यावर गावाच्या चुली पेटत.

रिकामं गलबत समुद्रात कलंडतं. म्हणून खलाशी येताना तळाशी दगड भरून आणत आणि माल चढवण्याआधी ते खुशाल खाडीत फेकून देत. एवढ्या मोठ्या खाडीला चार दगडांचं काय ओझं, असं शहाणी माणसंही म्हणत. शहाणी माणसं पुष्कळदा असंच काहीतरी म्हणतात.

गावात कालवं-शिंपले काढणारी एक बाई होती. रोज ओहोटीला ती खाडीत उतरे. एक दिवस ती गावकऱ्यांना म्हणाली, "मागच्या साली जिथे गळ्याशी पाणी लागायचं, तिथे आता कमरेला लागतं. खाडी भरत चाललीय."

"काकी, तूच उंच झाली असशील," एक हमाल म्हणाला आणि सगळे हसले.

"या वयात उंच झाले असते, तर तुझ्या झाडाचा एक आंबा शिल्लक ठेवला नसता. चला, उतरून बघा."

लोक उतरले. पायांना दगडच दगड लागले आणि त्यांत अडकलेला गाळ. हसणं थांबलं. गावाने नियम केला की दगड खाडीत टाकायचे नाहीत, किनाऱ्यावर उतरवायचे.

पुढच्याच गलबताचा मालक, म्हणजे नाखवा, भडकला. "माझे खलाशी दगड वाहत बसले तर दोन दिवस फुकट जातील. शेजारच्या खाडीत कुणी विचारत नाही." तो शीड फिरवून गेला आणि त्याच्यामागून बाकीचेही गेले.

महिनाभर एकही गलबत फिरकलं नाही. हमाल बाईच्या दारात आले. "काकी, तुझ्या नियमाने आमच्या पोटावर पाय आला. मोडून टाकूया तो."

बाईला वाईट वाटलं. लोक काही खोटं बोलत नव्हते. ती म्हणाली, "दगड त्यांचे असले, तरी खाडी आपली आहे. मग ते उतरवायला आपणच का जाऊ नये?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाडीकडे निघालेलं एक शीड लांबवर दिसताच गावकरी होड्या घेऊन सामोरे गेले. "दगड आम्ही उतरवतो, तुम्ही आधी जेवून घ्या." खलाशांना हे फारच पटलं. गलबतापासून किनाऱ्यापर्यंत होड्या लावून माणसांची रांग लागली. त्यात थट्टा करणारा हमालही होता. दगड हातोहात सरकले आणि दुपारच्या आत गलबत मोकळं झालं.

ही बातमी बंदरोबंदरी गेली. गलबतं वाढली, तसा किनाऱ्यावर दगडांचा ढीग वाढला. त्याच दगडांचा गावाने धक्का बांधला. गलबतं थेट त्याला लागू लागली. मग वखारी आल्या, बाजार आला आणि गावाचं मोठं बंदर झालं.

शेजारची खाडी मात्र भरत गेली आणि एक दिवस त्या नाखव्याचं गलबत तिथेच रुतलं. या गावचे लोक दोर घेऊन गेले, भरतीला ते ओढून काढलं आणि आपल्या धक्क्याला आणून बांधलं.

नाखवा ओशाळून म्हणाला, "आता माझे दगड मीच उतरवतो."

"एकट्याने कधी संपायचे, नाखवा?" बाई म्हणाली. "या, रांगेत उभे राहा."

तात्पर्य इतकंच: ज्या वाटेने आपलं अन्न येतं, ती बुजू देऊ नये; आणि दुसऱ्याला नियम सांगताना आपलाही हात लावावा.